घड्याळावरची झोंबाझोंबी

साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास का चालतो, हे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो. मी मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंगला राहतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, १९९९ साली इथल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत मृदाशास्त्र शिकायला आलो आणि इथलाच होऊन गेलो. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या शनिवारी या गावात दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे पाहुण्याला स्पार्टन स्टेडियमवर न्यावंच लागतं. पहिला तास त्याला काही कळत नाही. दुसऱ्या तासाला तो जांभया देतो. शेवटची दोन मिनिटं सुरू झाली की तोच माझा दंड धरून विचारतो: आता घड्याळ का थांबलं? तो गडी पुढे जायचं सोडून मुद्दाम रेषेबाहेर का पळाला? त्याने चेंडू जमिनीवर का आपटला? आणि जिंकत असलेला हा माणूस गुडघ्यावर का बसला?

उत्तरं नियमपुस्तकात आहेत, पण नुसतं पुस्तक वाचून ती उमगत नाहीत. कॉलेज फुटबॉलमधला वेळेचा जवळजवळ प्रत्येक नियम जन्माला आलाय तो कुठल्यातरी एका दुपारी कुणीतरी घड्याळाला हात घातला म्हणून. मला या खेळात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती त्या दुपारांची.

आधी अगदी मूळ गोष्टी. पंधरा मिनिटांचे चार भाग. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं तर घड्याळ चालू राहतं. पास कुणाच्या हाती न लागता जमिनीवर पडला की ते थांबतं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत खेळाडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तरी थांबतं. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन. दर अर्ध्या खेळात प्रत्येक संघाला तीन टाइमआउट. एक डाव संपला की चाळीस सेकंदांत पुढचा सुरू करायचा. पुढे असलेला संघ हे चाळीस सेकंद अगदी शेवटपर्यंत ताणतो, मागे पडलेला संघ एकेक सेकंद वाचवत धावतो. टाइमआउट संपले असतील तर डाव चालवणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू हातात येताच पायाशी आपटतो. त्याला स्पाइक म्हणतात. त्यात एक डाउन खर्ची पडतो, पण घड्याळ थांबतं.

हे सगळं सुरू झालं ते एका भयंकर कंटाळवाण्या सामन्यातून. १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रिन्स्टन आणि येल एकमेकांसमोर उभे राहिले. त्या काळी एकदा चेंडू हाती आला की तो सोडण्याची सक्ती नव्हती. बरोबरी झाली तरी विजेतेपद आपल्याकडेच राहील, असा दोघांचाही हिशेब. प्रिन्स्टनने अख्खा पूर्वार्ध चेंडू आपल्याकडे दाबून ठेवला, येलने अख्खा उत्तरार्ध. ०–०. पैसे देऊन आलेले लोक चिडले, वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, येलच्या वॉल्टर कॅम्पच्या पुढाकाराने नियम झाला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. पाच यार्ड मोजता यावेत म्हणून मैदानावर आडव्या पांढऱ्या रेषा आखाव्या लागल्या. पुढे १९०६ साली तिनांत दहा यार्ड आणि १९१२ साली चारांत दहा, असा आजचा हिशेब ठरला. म्हणजे ज्या ‘डाउन’वर हा सगळा खेळ उभा आहे, तो आला वेळकाढूपणाला आळा घालायला. लोक पास आणि धडक यांची चर्चा करतात, पण या खेळाच्या मुळाशी घड्याळच आहे, असं मी ठामपणे म्हणतो ते यासाठी.

खेळाची लांबीही अशीच बदलत आली. एकोणिसाव्या शतकात बराच काळ पंचेचाळीस मिनिटांचे दोन अर्धे होते. १९०५च्या हंगामात मैदानावर मुलं मेली, थेट अध्यक्ष रूझवेल्टपर्यंत प्रकरण गेलं, आणि १९०६च्या सुधारणांत खेळ साठ मिनिटांवर आला. १९१० साली त्याचे चार भाग पडले.

त्यानंतरच्या कज्जांपैकी मला सर्वांत बोलका वाटतो तो १९५३चा, नोत्र दाम आणि आयोवा यांचा. २१ नोव्हेंबर. नोत्र दाम देशात पहिल्या क्रमांकावर होतं आणि ०–७ असं मागे पडलं होतं. मध्यंतराला दोन सेकंद उरलेले, चेंडू आयोवाच्या गोलजवळ, आणि नोत्र दामचे टाइमआउट संपलेले. त्याच क्षणी त्यांचा टॅकल फ्रँक व्हॅरिकिओन कळवळत खाली कोसळला. जखमी खेळाडूसाठी पंचांना घड्याळ थांबवावंच लागलं. उरलेल्या दोन सेकंदांत राल्फ गुग्लिएल्मीने डॅन शॅननला पास टाकला आणि चेंडू गोलरेषेपलीकडे जाऊन टचडाउन झाला. सामन्याच्या अखेरीला पुन्हा तोच प्रकार, पुन्हा कुणीतरी कोसळलं, पुन्हा गुग्लिएल्मी ते शॅनन, सहा सेकंद बाकी असताना. १४–१४. आयोवाचे प्रशिक्षक फॉरेस्ट एव्हाशेव्हस्की संतापले, देशभर टीका झाली आणि एरवी आयरिश म्हणवणाऱ्या त्या संघाला मूर्च्छा येणारे आयरिश असं नाव पडलं. नोत्र दाम त्या मोसमात एकही सामना हरलं नाही, तरी राष्ट्रीय क्रमवारीत मेरीलँड त्यांच्या वर गेलं. प्रशिक्षक फ्रँक लेही त्या मोसमानंतर निवृत्त झाले.

आपल्याकडे याला रडीचा डाव म्हणतात, आणि मीही तेच म्हणतो. स्पाइक मारून घड्याळ थांबवणाऱ्याने त्याची किंमत मोजलेली असते, एक डाउन दिलेला असतो. खोटं दुखणं काढणाऱ्याने काहीच दिलेलं नसतं. वेळेचा धंदा करायचा तर रोखीने करा, एवढीच माझी अट आहे.

याच्या नेमकी उलट गोष्ट त्याआधी तेरा वर्षांपूर्वी घडली होती. १९४० साली डार्टमथविरुद्ध कॉर्नेल ०–३ असं मागे होतं. शेवटच्या मिनिटाच्या गडबडीत पंच रेड फ्रीझेल यांची मोजणी चुकली आणि कॉर्नेलला चाराऐवजी पाच प्रयत्न मिळाले. पाचव्यावर टचडाउन झाला, कॉर्नेल ७–३ जिंकलं. सोमवारी चित्रफीत धुऊन आली तेव्हा सगळं उघड झालं. कॉर्नेलने तार करून सामना डार्टमथला देऊन टाकला आणि नोंद ३–० अशी झाली. त्या वेळी कॉर्नेल दीर्घकाळ अपराजित होतं. १९९० साली मिझूरीविरुद्ध कोलोरॅडोलाही असाच पाचवा डाउन मिळाला. त्यात दोन स्पाइक मारले गेले, आणि दुसरा तर खरं पाहता चौथ्या डाउनवर. कोलोरॅडोने ३३–३१ हा विजय ठेवून घेतला आणि मोसमाअखेर राष्ट्रीय विजेतेपदाचा वाटाही मिळवला. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की पन्नास वर्षांत या खेळात काय बदललं ते दिसतं.

आता माझ्या गावाबद्दल.

१९ नोव्हेंबर १९६६. स्पार्टन स्टेडियममध्ये पहिल्या क्रमांकाचं नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकाचं मिशिगन स्टेट, दोन्ही अपराजित. मी विद्यार्थी असताना ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो, ते आजोबा त्या दिवशी तिथे होते. तळघरातल्या कपाटात त्या सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेचा अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी जपून ठेवला होता. नोव्हेंबर उजाडला की ते तो बाहेर काढत, आणि माझा चहा निवून जाई.

मिशिगन स्टेटने १०–० अशी आघाडी घेतली. नोत्र दामचा क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी जायबंदी होऊन बाहेर गेला आणि त्याच्या जागी मधुमेह असलेला कोली ओब्रायन आला. त्याने संघाला १०–१० पर्यंत आणून ठेवलं. शेवटी सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ उरला असताना नोत्र दामकडे चेंडू आला, स्वतःच्याच तीस यार्डाच्या रेषेवर. ऐंशी हजारांच्या गर्दीला वाटलं, आता लांब पास येणार. पण प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी चेंडू हातात घेऊन पळायला सांगितलं. पुन्हा तेच. आणि पुन्हा तेच. मिशिगन स्टेटचे खेळाडू समोरून तोंडावर डिवचत होते, त्यांचा संघ स्वतःचे टाइमआउट वापरून घड्याळ थांबवत होता, आणि पाहुणा संघ ते चालवत होता. सामना १०–१० असाच संपला.

आजोबांनी हे पार्सेगियनना कधीही माफ केलं नाही. ‘खेळायला आले होते, पळून गेले,’ असं ते म्हणत. आम्हा दोघांचा याच्यावरून कायम वाद होई, कारण मला पार्सेगियन बरोबर वाटतात. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, तो नियमित सामन्यांत आला १९९६ साली. विजेतेपद ठरायचं पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांवर. पहिल्या क्रमांकाचा संघ दुसऱ्याच्या मैदानावर बरोबरी करून परतला तर त्याचं फारसं काही जात नव्हतं. पण थकलेल्या, बदली क्वार्टरबॅकचा एक पास समोरच्याच्या हाती लागला असता तर? मिशिगन स्टेटकडे डिक केनी होता, हवाईहून आलेला, अनवाणी पायाने किक मारणारा, आणि त्याने त्याच दुपारी ४७ यार्डांवरून गोलखांबांमधून किक मारून फील्ड गोल केला होता. शिवाय दोन गोष्टी आजोबा नेहमी गाळत. एक म्हणजे, त्याआधी चौथ्या डाउनवर मिशिगन स्टेटनेही धोका टाळून पंटच केला होता, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्याकडे दूर घालवला होता. दुसरी, नोत्र दामने आपल्याच अर्ध्या मैदानात चौथ्या डाउनवर एक यार्ड हवा असताना पंट न करता तो मिळवला. ते फसलं असतं तर केनीचा पाय होताच. भित्र्या माणसाचं हे काम नव्हे. पुढच्या आठवड्यात नोत्र दामने यूएससीला ५१–० असं धुतलं आणि पहिला क्रमांक टिकवला. हिशेब पार्सेगियनच्या बाजूने लागला. आजोबांना ते पटलं नाही, आणि शेवटपर्यंत पटणारही नव्हतं.

दोन वर्षांनी घड्याळाने उलटी कमाल दाखवली. १९६८च्या मोसमापासून नवा नियम आला होता, की फर्स्ट डाउन मिळाला की चेंडू पुन्हा जागेवर ठेवेपर्यंत घड्याळ थांबायचं. मागे पडलेल्या संघाला त्यातून श्वास मिळाला. त्याच वर्षीच्या २३ नोव्हेंबरला हार्वर्ड ४२ सेकंद बाकी असताना येलच्या सोळा गुणांनी मागे होतं. बदली क्वार्टरबॅक फ्रँक चॅम्पीच्या पासवर टचडाउन झाला, जोडीला दोन गुण मिळाले, मुद्दाम जवळ मारलेली ऑनसाइड किक हार्वर्डच्याच हाती लागली, आणि शेवटच्या क्षणी पुन्हा आठ गुण. २९–२९. हार्वर्डच्या विद्यार्थी वर्तमानपत्राने मथळा दिला, की हार्वर्डने येलला २९–२९ असं हरवलं. त्या संघात टॉमी ली जोन्स हा पुढे सिनेमात गाजलेला नट गार्ड म्हणून खेळत होता.

घड्याळाचा निर्णय म्हणजे फक्त वेळ वाचवणं किंवा घालवणं नाही. किती वेळ शिल्लक ठेवायचा, हाही निर्णयच असतो, आणि तो लोक विसरतात. १९८२च्या स्टॅनफर्ड–कॅलिफोर्निया सामन्याची चित्रफीत बहुतेकांनी पाहिली आहे. पाच वेळा मागे फेकलेला चेंडू, सामना संपला समजून मैदानात घुसलेला स्टॅनफर्डचा बँड, आणि त्या बँडमधून वाट काढत टचडाउन करणारा कॅलिफोर्नियाचा केव्हिन मोएन, शेवटी ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या गॅरी टिरेलवर आदळलेला. मला मात्र त्याआधीचे चार सेकंद छळतात. स्टॅनफर्डचा क्वार्टरबॅक जॉन एल्वेने संघाला फील्ड गोलच्या टप्प्यात आणलं आणि टाइमआउट मागितला तेव्हा घड्याळात आठ सेकंद होते. किक बसली, स्टॅनफर्ड २०–१९ पुढे गेलं, आणि उरले चार सेकंद. त्या चार सेकंदांत एक किकऑफ, म्हणजे गुण झाल्यावर समोरच्याकडे मारायची किक, मावतो. तोच टाइमआउट चार सेकंद उशिरा मागितला असता तर किकबरोबर सामना संपला असता. वेळ शिल्लक ठेवण्यात सावधपणा होता, काही गडबड झाली तर पुन्हा प्रयत्न करता यावा, एवढाच. पण त्या सावधपणाची किंमत २०–२५ अशी मोजावी लागली. त्यात भर म्हणजे किकनंतर जल्लोष करत मैदानात धावल्याबद्दल स्टॅनफर्डला पंधरा यार्डांचा दंड झाला होता, त्यामुळे किकऑफही मागून मारावा लागला.

२००१च्या ३ नोव्हेंबरला मी स्वतः स्पार्टन स्टेडियममध्ये होतो, विद्यार्थ्यांच्या भागात. मिशिगन २४–२० पुढे. आमच्या गावाच्या दृष्टीने मिशिगन म्हणजे तासाभराच्या अंतरावरचं अ‍ॅन आर्बर, म्हणजे सगळ्यात जवळचा शत्रू. आमचा क्वार्टरबॅक जेफ स्मोकर चेंडू घेऊन पळाला, गोललाइनच्या तोंडाशी पाडला गेला, आणि तोही मैदानाच्या आत. घड्याळ धावत होतं. आमचे सगळे खेळाडू उठून, धडपडत, ओरडत रांगेत लागले. त्या काही सेकंदांत स्टेडियममधल्या एकाचंही लक्ष चेंडूकडे नव्हतं, सगळ्यांची मान वर गुणफलकाकडे वळलेली. स्मोकरने चेंडू आपटला. फलकावर एक राहिला. शून्य नाही, एक. माझ्या शेजारचा मुलगा इतका वेळ श्वास रोखून होता की तो खाली बसला. पुढच्या डावात स्मोकरने हलकाच पास उचलून टी. जे. डकेटकडे टाकला आणि मिशिगन स्टेट २६–२४ जिंकलं.

तो एक सेकंद खरा होता का, यावर मिशिगनमध्ये आजही भांडणं होतात. लोकांनी चित्रफीत लावून स्टॉपवॉच धरून मोजलं. घड्याळ चालवणारा माणूस यजमानांच्या बाजूने नेमलेला होता, हे भांडणाचं खरं कारण. मी स्पार्टन आहे, त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि मला वाटतं तो सेकंद योग्यच होता. तरीही यजमानांच्या माणसाच्या हातात घड्याळ देणं ही पद्धत मुळातच चुकीची होती. त्याचा न्याय बरोबर असला तरी पाहुण्या संघाने त्यावर विश्वास का ठेवावा? पुढे काही वर्षांतच बिग टेन परिषदेने घड्याळासाठी आपली तटस्थ माणसं नेमायला सुरुवात केली. २००४ साली त्यांनीच चित्रफीत तपासून निर्णय बदलण्याचा प्रयोगही केला, आणि तो लवकरच देशभर पसरला.

चित्रफीत आली आणि सेकंद परत यायला लागले. २००९ साली बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात टेक्सासच्या कोल्ट मॅकॉयने चेंडू रेषेबाहेर भिरकावला तेव्हा घड्याळात शून्य दिसलं, नेब्रास्काचे लोक मैदानात आले. तपासणीत एक सेकंद परत मिळाला आणि हंटर लॉरेन्सने ४६ यार्डांवरून किक मारून १३–१२ जिंकून दिलं. २०१३ साली अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी असाच एक सेकंद मागून घेतला, ऑबर्नविरुद्ध, २८–२८ अशा बरोबरीत. त्या सेकंदावर ५७ यार्डांची किक मारली, ती तोकडी पडली, आणि ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने गोलपोस्टखालून ती झेलून अख्खं मैदान पार केलं. ३४–२८, ऑबर्न. तो सेकंद सेबननी मागितला नसता तर सामना जादा वेळेत गेला असता.

नियम करणाऱ्यांचा हात मात्र नेहमीच सरळ पडला असं नाही. २००६ साली सामने छोटे व्हावेत म्हणून ठरलं, की किकऑफला चेंडूला पाय लागताच घड्याळ सुरू होईल. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक ब्रेट बीलेमा यांनी ते बारकाईने वाचलं. ४ नोव्हेंबरला पेन स्टेटविरुद्ध मध्यंतराला काही सेकंद असताना त्यांनी आपल्या खेळाडूंना किकऑफला मुद्दाम ऑफसाइड पळायला लावलं. पेन स्टेटचा परतीचा धावपटू जागीच पकडला गेला, दंड म्हणून किक पुन्हा मारायची, पण गेलेला वेळ काही परत येत नव्हता. मग तेच पुन्हा. पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पटर्नो रेषेवर येऊन पंचांवर गरजत होते. नियमाप्रमाणे पंच काहीच करू शकत नव्हते. पुढच्या वर्षी नियम रद्द झाला.

२०१०च्या म्युझिक सिटी बाउल सामन्यात नियमातल्या अशाच फटीचा नॉर्थ कॅरोलायनाला अखेरच्या क्षणी फायदा झाला. किक मारणारे धावत आत येतायत, इकडे क्वार्टरबॅक चेंडू आपटतोय, मैदानात अकराहून जास्त माणसं. दंड झाला, पण त्या दंडानेच घड्याळ थांबलं, एक सेकंद मिळाला, बरोबरी साधली आणि जादा वेळेत टेनेसीवर विजयही मिळाला. २०११ साली शेवटच्या मिनिटात असा दंड झाला तर दहा सेकंद कापायचे, असं ठरलं. २०१३ साली आणखी एक: थांबलेलं घड्याळ पंचांच्या इशाऱ्यावर सुरू होणार असेल आणि एक-दोनच सेकंद उरले असतील, तर स्पाइक मारून ते थांबवता येणार नाही, त्यासाठी किमान तीन हवेत. 

पाहुण्यांना सगळ्यात जड जातो तो गुडघा टेकण्याचा प्रकार. कबड्डीत आघाडीवर असलेला संघ शेवटच्या चढाईला मध्यरेषेपाशी रेंगाळून वेळ काढतो, तसाच हा प्रकार म्हटलं की त्यांना लगेच कळतं. १९७८ साली व्यावसायिक फुटबॉलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी जिंकत आलेला सामना अखेरच्या क्षणी चेंडू हातातून सुटल्याने ईगल्सविरुद्ध गमावला, आणि तेव्हापासून गुडघा टेकण्याची ठरावीक रचना सगळीकडे रूढ झाली. हिशेब सोपा आहे. समोरच्याकडे टाइमआउट नसेल तर एका गुडघ्यात चाळीस सेकंद जातात.

म्हणूनच २०२३च्या ७ ऑक्टोबरला मी दूरदर्शन संचासमोर उभा राहून ओरडलो. मायामी २०–१७ पुढे. घड्याळात चाळीस सेकंदांहून कमी वेळ. जॉर्जिया टेककडे एकही टाइमआउट नाही. एक गुडघा आणि सामना खलास. मायामीचे प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल यांनी चेंडू पळवायला सांगितलं. डॉन चेनीच्या हातून तो सुटला, जॉर्जिया टेकने २६ सेकंद असताना तो उचलला, आणि एक सेकंद उरला असताना हेन्स किंगचा ४४ यार्डांचा पास क्रिस्चन लिअरीने झेलला. २३–२०. क्रिस्टोबाल यांचा २०१८चा ऑरेगन संघही स्टॅनफर्डविरुद्ध पुढे असताना असाच पळवलेला चेंडू गमावून हरला होता. पार्सेगियनना भित्रे म्हणणाऱ्यांनी हा सामना बघावा. वीस वर्षांच्या मुलाच्या हातात चेंडू देऊन त्याला तीनशे पौंडांच्या घोळक्यात ढकलायची गरज नसताना ढकलणं, याला मी धाडस म्हणत नाही. तो मुलगा आयुष्यभर ती एक घटना घेऊन फिरतो.

दुसरीकडे, २०१२ साली जॉर्जियाचे प्रशिक्षक मार्क रिक्ट यांनी घेतलेला निर्णय हुकला, तरी मी त्यांच्या बाजूने आहे. अलाबामाविरुद्ध परिषदेच्या अंतिम सामन्यात चेंडू आठ यार्डांवर, वेळ पंधरा सेकंदांच्या आसपास, टाइमआउट नाही. त्यांनी स्पाइक न मारता, समोरच्यांनी बचाव लावण्याआधीच पास टाकायला लावला. चेंडूला कुणाचातरी हात लागला आणि तो चुकीच्या माणसाच्या हातात, मैदानाच्या आत पडला. घड्याळ संपलं, २८–३२. विस्कळीत झालेल्या बचावावर तुटून पडणं हा चांगला विचार होता. चेंडूला लागलेल्या बोटाचा दोष त्यांच्या माथी का मारायचा?

गेल्या काही वर्षांत नियम भराभर बदलले. २०२३पासून फर्स्ट डाउनला घड्याळ थांबतं ते फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत. १९६८ची ती सवलत तेवढीच उरली. २०२४पासून दोन मिनिटं उरली की सक्तीचा टाइमआउट आला. आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला बीलेमांची युक्ती नव्या रूपात परत आली. यूजीनमध्ये ऑरेगन ओहायो स्टेटविरुद्ध ३२–३१ पुढे होतं, दहा सेकंद बाकी. ऑरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांच्या बचावात अकराऐवजी बारा गडी उतरले. ओहायो स्टेटचा पास हुकला, पाच यार्डांचा दंड मिळाला, पण चार सेकंद गेले ते गेलेच. उरलेल्या सहा सेकंदांत क्वार्टरबॅक विल हॉवर्ड पळाला आणि तो घसरून थांबला तेव्हा घड्याळात शून्य होतं. काही दिवसांतच नियमाचा अर्थ बदलून सांगण्यात आला: अशा वेळी चेंडू असलेल्या संघाला गेलेले सेकंद परत मागता येतील. २०२५च्या नियमांत ते रीतसर लिहिलं गेलं.

त्याच २०२५च्या नियमांत आणखी एक कलम आहे, आणि १९५३ माहीत असणाऱ्याला ते वाचून बरं वाटेल. चेंडू पुढच्या डावासाठी जागेवर ठेवल्यानंतर जखमी खेळाडूला पाहायला वैद्यकीय मदतनीस मैदानात आले, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो. टाइमआउट शिल्लक नसेल, तर संघाला पाच यार्डांचा दंड.